उत्तरेकडचं ऊन

एव्हर्ट मास्तरांनी माख्तेल्तला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका स्तोत्राच्या मधोमध.

आठवडाभर मास्तर मुलांकडून अक्षरं गिरवून घेत आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रांचा सूर धरत. प्रवचनाच्या उंच व्यासपीठाखाली त्यांचं छोटं मेज होतं. तिथे उभं राहिलं की अख्खं गाव समोर दिसे. कोण पेंगतंय, कोण कुणाच्या टोपीकडे बघतंय, कसायाचा कुत्रा आज कोणत्या खांबाला हुंगतोय, सगळं. फेब्रुवारीचा तो रविवार इतका गार होता, की गाणाऱ्यांच्या तोंडून सुरांपेक्षा वाफच जास्त निघत होती. बायकांच्या खुर्च्यांमधून पायशेगड्या मांडणारी नवी बाई फिरत होती. लाकडाचा खोका, वरच्या फळीला भोकं, आत मातीच्या भांड्यात निखारे. त्यावर पाय ठेवून वर घागरा पसरला की दोन तासांचं प्रवचनही सोसतं. आधीची शेगडीवाली खोके आदळत चालायची. ही आवाज करत नव्हती, म्हणून मास्तरांचं लक्ष गेलं, आणि मग ते तिच्या पावलांवरच खिळलं.

आमच्या चर्चची जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा. गाव त्यांच्यावरूनच जातं-येतं, मुलं त्यांच्यावर गोट्या खेळतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. ही बाई मात्र एकाही शिळेवर पाऊल टाकत नव्हती. दोन शिळांमधल्या चुन्याच्या रेघेवर टाचेला चवडा जुळवत, दोन्ही हातांत शेगड्या घेऊन, कालव्यावरच्या अरुंद फळीवरून जावं तशी ती चालली होती.

ते बघता बघता मास्तरांनी तिसरं कडवं दोनदा म्हटलं. गाव निमूट त्यांच्यामागून गेलं. बाहेर पडताना कसाई हेंड्रिक म्हणाला, "मास्तर, तिसरं कडवं भलतंच आवडलेलं दिसतंय. पुढच्या रविवारी तेवढंच घेऊ या. जेवायला लवकर जाता येईल."

मास्तर हसले, पण मागे वळले. ती भिंतीशी बसून राख बादलीत काढत होती.

"पाय दुखतो का गं तुझा?"

"नाही, मास्तर."

"मग रेघेवरून का चालतेस?"

तिने राखेत बोट घालून ती विझल्याची खात्री केली. "माझी मुलगी इथे आहे," ती म्हणाली. "कोणत्या दगडाखाली, ते ठाऊक नाही. म्हणून."

मग हळूहळू मास्तरांना सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी, प्लेगच्या सालात, आधी माख्तेल्तला ताप आला आणि मग तिच्या पाच वर्षांच्या तानेकेला. दारावर गवताची पेंढी टांगली गेली, म्हणजे या घरात रोग आहे, लांबून जा. नवरा वेसेल होड्या बांधणारा सुतार. मुलगी गेली तेव्हा त्याने स्वतःच पेटी ठोकली आणि ती काखेत धरून एकटाच चर्चमध्ये गेला. आमच्याकडे बायका एरवीही पेटीमागून जात नाहीत, आणि माख्तेल्त तर त्या दिवशी शुद्धीत नव्हती. चार दिवसांनी वेसेलही गेला. त्याला बाहेरच्या आवारात, गवतात पुरलं. ती जागा सर्वांना माहीत होती. पण तानेकेसाठी खड्डा खणणारा माणूस त्याच महिन्यात मेला, त्याला जागा दाखवणारा चर्चचा सेवकही मेला, आणि त्या सहा आठवड्यांची नोंदवहीची पानं कोरीच राहिली. माख्तेल्त उठून चालू लागली तोवर, विचारावं असं कोणी उरलं नव्हतं. शेगड्यांचं काम तिने मागून घेतलं ते त्यासाठीच. निदान दोघींचं छप्पर तरी एक होईल.

त्याच वर्षी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, मास्तर धान्याचे व्यापारी लाम्बर्ट यांच्या घरी गेले होते. लाम्बर्टच्या धाकट्याला गुणाकार जमत नव्हता, त्याबद्दल बोलायला. बोळात अंधार होता. भिंतीवर नवं चित्र होतं, आणि लाम्बर्टला ते दाखवायची घाई होती.

"ओळखा बघू कोणतं चर्च!"

मास्तरांनी मेणबत्ती वर धरली आणि त्यांना आपलंच चर्च दिसलं. चुन्याने पांढऱ्याशुभ्र भिंती, आभाळाला टेकावेत तसे खांब, साध्या काचांमधून जमिनीवर उतरलेलं फिकं ऊन. माणसं तळाशी बोटाएवढी, आणि वर सगळी नुसती मोकळी जागा. एवढ्याशा रंगवलेल्या फळीवर एवढी हवा मावली कशी, याचंच मास्तरांना आश्चर्य वाटलं. योरिस नावाचा चित्रकार प्लेगच्या सालात हार्लेम शहरातून येऊन आठवडाभर चर्चमध्ये तिवईवर बसून मोजमापं घेत होता, ते त्यांना आठवत होतं. चित्रातल्या खांबावर त्याची सही होती, त्या सालासकट.

डाव्या हाताला, दुसऱ्या खांबापाशी, एक शिळा बाजूला सारलेली. उघडा खड्डा. फावडं घेतलेला माणूस. आणि त्याच्याशेजारी, पाठमोरा, तपकिरी कोटातला एक गृहस्थ, काखेत छोटी पेटी.

मास्तरांनी मेणबत्ती इतकी पुढे झुकवली की मेण लाम्बर्टच्या फरशीवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ते चर्चमध्ये गेले. "माख्तेल्त, तुझ्या वेसेलचा कोट तपकिरी होता का?"

"होता. सगळ्या सुतारांचे तसलेच असतात. का?"

मास्तरांनी सांगितलं. साल सांगितलं, पेटी सांगितली, खांब सांगितला.  मग तिने विचारलं, "खांबापासून कितवी?"

"दाराच्या बाजूने तिसरी. लहान आहे, कोपरा उडालेला."

ती गेली. रेघेवरूनच गेली. तिसऱ्या शिळेपाशी उभी राहिली आणि मग गुडघे दुमडून सावकाश खाली बसली, जसं झोपलेल्या मुलाशेजारी, ते जागं होऊ नये म्हणून, बसतात.

"चित्र बघायला चल," मास्तर म्हणाले. "लाम्बर्ट नाही म्हणणार नाहीत."

"मला नको. तुम्ही पाहिलंत ना? पोरांच्या पाट्यांवर अक्षराची शेपूट वाकडी गेली तरी तुम्हाला दिसते. मग झालं."

त्या रविवारपासून माख्तेल्त सगळ्यांसारखी चालू लागली. फक्त ती एक शिळा सोडून. प्रवचन संपलं की उरलेले निखारे ती एका शेगडीत गोळा करी आणि ती शेगडी त्या दगडावर ठेवून शेजारी पाव-चीज खात बसे. कधी ओठ हलताना दिसत. आठवड्यात काय घडलं ते सांगत असावी. मास्तर मेजावरची पुस्तकं आवरत आणि मुद्दाम तिकडे बघत नसत. आपण आयुष्यात एक तरी काम चोख केलं, असं त्यांना वाटे.

अशी बारा वर्षं गेली. मास्तरांनी शाळा सोडली, रविवारचा सूर मात्र धरतच राहिले. लाम्बर्ट वारले. मग एका उन्हाळ्यात चर्चच्या कारभाऱ्यांनी जाहीर केलं, की खांबांजवळच्या ज्या शिळांवर नाव नाही, त्या मागतील त्या घराण्यांच्या नावे करायच्या. नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत अर्ज द्यावा. मद्य गाळणाऱ्या ब्राउवरांनी लगेच दुसऱ्या खांबाभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली.

माख्तेल्त मास्तरांच्या दारात आली. "मला लिहिता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. असं लिहा, की जिथे माझी मुलगी तानेके आहे, तिथेच मलाही ठेवावं. तिच्यावर. जागा कमी लागेल, मी काही जाड नाही."

"लिहितो. शिळेचं वर्णन बिनचूक पाहिजे, नाहीतर ब्राउवर खुसपट काढतील. एकदा चित्र पुन्हा बघून येतो."

लाम्बर्टची सून हौशी होती. चित्र आता बोळातून पुढच्या खोलीत, खिडकीसमोर आलं होतं. दारात तिच्या मोलकरणीने मास्तरांना अडवलं. "जोडे काढा. ते पायही स्वच्छ आहेत का?"

"पायही इथेच काढून ठेवू का, बाई?"

"जमत असेल तर बरंच होईल," ती म्हणाली आणि सपाता पुढे केल्या.

सकाळची वेळ होती. पहिल्यांदाच मास्तर ते चित्र उजेडात बघत होते. त्यांनी कागद काढला, खांबाचा क्रमांक लिहिला, शिळा मोजल्या. मग थांबले. जमिनीवर उन्हाचे पट्टे तिरके पडले होते, खिडकीच्या गजांची सावली त्यांत स्पष्ट होती. ऊन डावीकडून येत होतं. समोर जुन्या वेदीची बाजू, म्हणजे पूर्व. डावीकडे उत्तर.

देवाने जग केल्यापासून आमच्या गावात तरी उत्तरेकडून ऊन आलेलं नाही.

मास्तरांनी खांब मोजले. चर्चमध्ये त्या बाजूला सहा आहेत. चित्रात पाच होते. पुन्हा मोजले. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना "उत्तर पडताळून बघ" म्हणून छड्या मारल्या, त्याने बारा वर्षांपूर्वी एका मेणबत्तीच्या उजेडात बघितलेलं एकदाही पडताळलं नव्हतं.

एक आशा उरली. चित्रकाराने चित्र नुसतं उलटं केलं असेल, आरशातल्यासारखं, तर खड्डा दक्षिणेच्या बाजूला निघेल. दुसऱ्या दिवशी मास्तर घोड्याने ओढायच्या नावेत बसून हार्लेमला गेले.

योरिस म्हातारा झाला होता. एका हाताने खारवलेला मासा शेपटीला धरून खात होता. मास्तरांनी चर्चचं नाव काढताच खूश होऊन त्याने जुनी वही शोधली. त्यात आमचं चर्च होतं, खरंखुरं. सहा खांब, प्रत्येकापुढे मापं, एक रेघ इकडची तिकडे नाही. मास्तर पानावर वाकले. जमीन कोरी होती. खड्डा नव्हता. माणूसही नव्हता.

"चित्रात पाच खांब आहेत."

"एक काढला. मध्ये आला की नजर तिथेच ठेचकाळते. नजरेला आत जायला वाट पाहिजे, मास्तर. जागा म्हणजे काय, नजरेची वाट."

"आणि ऊन?"

"तुमच्याकडे ऊन उजवीकडून येतं. तसं काढलं असतं तर व्यासपीठ काळं पडलं असतं. म्हणून डावीकडून आणलं. आजवर कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिले."

"खड्डा?" मास्तरांनी कोऱ्या जमिनीवर बोट ठेवलं. "तो माणूस? काखेत पेटी असलेला?"

"माणसं माझी नव्हेत. मला खांब जमतात, पाय जमत नाहीत. माणसं आमचा लुकास घालायचा, आता तो गेला. इतक्या पांढऱ्यात खाली काहीतरी काळं हवं, म्हणाला, मग खड्डा घाल, म्हटलं."

"त्याने आमचं चर्च पाहिलं होतं?"

"लुकासने? नावेत पाय ठेवला की त्याला उलट्या व्हायच्या. हार्लेमची वेस त्याने कधी ओलांडली नाही." योरिसने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि मासा खाली ठेवला. "कुणाचं थडगं शोधताय का?"

"एका मुलीचं."

म्हाताऱ्याने वही मिटली. "त्या साली मी तुमच्याकडे आठ दिवस होतो. रोज कुठे ना कुठे जमीन उघडीच होती. रोग हटवायला तापवलेल्या व्हिनेगरचा धूर इतका, की कागद दिसेना. लुकासने खड्डा कुठेही काढला असता, तरी खोटं झालं नसतं."

परतीच्या नावेत मास्तरांनी ठरवलं की सांगायचं नाही. बारा वर्षं ती तिथे बसते आहे. अर्ज लिहावा, ब्राउवरांच्या आधी द्यावा, कोणाचं काय जातंय? घरी येऊन त्यांनी टाक घेतला. 'जिथे माझी मुलगी' इथपर्यंत लिहिलं, आणि पुढे हात चालेना. आयुष्यभर त्यांनी माहीत असून चुकीचं असं काही लिहिलं नव्हतं. आणि उद्या कुणी ती शिळा उचलली आणि खाली दुसऱ्याच कोणाची हाडं निघाली तर? ती तिथे उभी असताना?

शनिवारी सकाळी ते चर्चमध्ये गेले. माख्तेल्त शेगड्यांची भांडी घासत होती. मास्तरांनी काही लपवलं नाही. ऊन सांगितलं, खांब सांगितले, लुकास सांगितला.

तिचे हात थांबले नाहीत. एक भांडं झालं, दुसरं झालं.

"म्हणजे तो वेसेल नाही."

"नाही."

"आणि ती तिथे नाही."

"असेलही. ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही, माख्तेल्त."

"मास्तर," ती म्हणाली, आणि बारा वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला, "तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी विचारलं नव्हतं. आज सांगितलंत, तेही मी विचारलं नव्हतं. एखाद्या पोराने असं न पडताळता उत्तर दिलं असतं, तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं. तुम्हाला कोण उभं करणार?"

 ती भांडी घेऊन निघून गेली.

पुढच्या रविवारी मास्तरांच्या मेजाखाली ती एरवी न चुकता ठेवायची ती शेगडी नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. हेंड्रिक कसायाच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय मास्तर, शेगडीवालीशी भांडण? तरीच सूर आज गोठल्यासारखा लागत होता." मास्तर हसले नाहीत. माख्तेल्त आता त्या शिळेपाशी बसत नव्हती. उरलेले निखारे ती बादलीत ओतून पाणी मारी, चर्रर आवाज होई, आणि ती सगळ्यांच्या आधी घरी जाई.

सेंट मार्टिनच्या सणाला चार दिवस उरले तेव्हा ती मास्तरांच्या दारात आली. धुतलेली टोपी, इस्त्रीचा गळपट्टा.

"मला ते चित्र दाखवा."

मोलकरणीने तिच्याही पायांकडे पाहिलं, पण या वेळी काही बोलली नाही. माख्तेल्त चित्रासमोर उभी राहिली, कशाला धक्का लागू नये अशा बेताने हात पोटाशी घेऊन. खिडकीतला उजेड तिच्या गालावर आणि चित्रावर सारखाच पडला होता. ती आधी खड्ड्याकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू वर गेली, खांबाखांबाने, पांढऱ्या कमानींपर्यंत, आणि तिथे बराच वेळ राहिली.

"किती स्वच्छ आहे," ती म्हणाली. "यात वास नाही, मास्तर."

"नाही."

"त्या दिवसांत इतका उजेड नव्हता. खिडक्यांना गोणपाट लावलं होतं, रोग आत येऊ नये म्हणून. वेसेलला काहीही दिसलं नसेल. ठेचकाळतच गेला असेल बिचारा." मग तिने पुढे वाकून काखेत पेटी घेतलेल्या त्या बोटाएवढ्या माणसाकडे पाहिलं. "हा किती शांत उभा आहे. असं झालं असतं तर बरं झालं असतं. इतक्या उजेडात."

लाम्बर्टची सून दारात आली होती. "आवडलं का चित्र?" तिने विचारलं, जरा कौतुकाने.

"चांगलं काढलंय, बाईसाहेब," माख्तेल्त म्हणाली. "त्यांना आमचं चर्च फार आवडलं असणार."

दोघं परत निघाली. पुलावर ती थांबली. खाली जळाऊ मातीच्या विटा भरलेली नाव चालली होती.

"अर्ज लिहा," ती म्हणाली.

"तिसरी शिळा?"

"नको. ती ब्राउवरांना घेऊ देत. बाहेरच्या गवतात, वेसेलशेजारी. तो कुठे आहे, एवढं तरी नक्की आहे."

मास्तरांनी घरी जाऊन तो अर्ज एका बैठकीत लिहिला. वाचून दाखवला. तिने एकदाच अडवलं. मास्तरांनी 'मुलीपासून दूर' असे शब्द घातले होते, ते तिने काढायला लावले. "किती दूर, ते आपल्याला ठाऊक नाही," ती म्हणाली. मग खाली आपली खूण म्हणून एक फुली केली, टाक नीट पुसून ठेवला आणि मास्तरांनी पुढे केलेला बिअरचा पेला न घेता निघून गेली. कारभाऱ्यांनी अर्ज मंजूर केला. गवतातल्या जागेसाठी भांडणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या खांबापाशी आता ब्राउवरांच्या नावाची निळी शिळा आहे.

मास्तरांशी ती पुन्हा बोलू लागली, पण कामापुरतं: दार लावा, वारा येतोय, आज स्तोत्रं किती आहेत. तानेकेचं नाव तिने त्यांच्यापुढे परत कधी काढलं नाही, आणि मास्तरांनीही नाही.

माख्तेल्त आता चौसष्ट वर्षांची आहे. ती मासळी दरवाजाजवळच्या विधवाश्रमात राहते, जाळी विणणाऱ्या एका बाईबरोबर एका खोलीत. शेगड्यांचं काम तिने गेल्या हिवाळ्यात सोडलं. सकाळी कोबी चिरायला ती मदत करते, आणि तिची खिडकी उत्तरेला असल्यामुळे दुपारनंतर तिला सुईत दोरा ओवता येत नाही.